वर थेंबही नाही

माझं माहेर बदनापूरकडचं आणि सासर परतूरच्या अलीकडचं. दोन्ही गावं दुधनेच्या काठावर. मला बघायला आले तेव्हा सासरे माझ्या वडिलांना म्हणाले होते, "पाहुणे, तुमचं पाणी आमच्याकडंच येतं, मंग पोरगी आली तर काय बिघडलं?" सगळे हसले आणि लग्न ठरलं. सासरे पुढे दोन वर्षांत गेले, पण त्यांचं हे बोलणं घरानं धरून ठेवलं. पावसाळा लागला की घरात सगळ्यांत आधी माझ्या तोंडाकडे बघितलं जायचं.

त्याचं कारण नदीतल्या मोटरी. आमच्याकडे दुधना वर्षातले बरेच महिने कोरडीच, पण पावसाळ्यात ठिकठिकाणी डोह साचतात आणि ज्याची त्याची मोटर त्या डोहात असते. पाऊस चार दिवस गायब झाला की कपाशीला, सोयाबीनला तेवढाच आधार. पण आमच्या नदीला पूर येतो तो आमच्या पावसाचा नसतो. इथे आभाळ कोरडं ठक्क, बांधावर धुरळा, आणि नदीला मात्र लाल पाणी, कारण वर कुठेतरी कोसळलेलं असतं. ते पाणी यायच्या आत मोटर, पाइप, केबल सगळं ओढून काठावर घ्यावं लागतं, नाहीतर सरळ खालच्या धरणात.

माहेरी सकाळी नदी निघाली की पाणी आमच्याकडे दिवस मावळायला येतं. हा हिशेब माझ्या वडिलांनी मला लग्नातल्या भांड्यांबरोबरच दिला असावा. आबा रोज सकाळी सातला फोन करायचे. ख्यालीखुशाली नंतर, आधी पाऊस. तोही मिलिमीटरमध्ये नाही. "वीतभर ओल गेली." "चार बोटंच हाये." "ओढे निघाले, नदी दुथडी हाये, पोरी, खाली सांग." मी भाऊजींना सांगायची, भाऊजी गावाला सांगायचे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. शेती तेच बघायचे. माझे मालक जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या कारखान्यात. आठवड्यातून एकदा घरी यायचे. एरवी घरात सासूबाई, भाऊजी आणि मी. तिशी उलटली तरी भाऊजींचं लग्न झालं नव्हतं. शेती करणाऱ्याला पोरगी द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि ते म्हणायचे, "वहिनी, नदीकाठची बघा एखादी. तुमच्यापेक्षा वरच्या गावची, म्हंजे पाण्याची खबर अजून जल्दी येईल."

एकाच नदीवर राहून दोन घरांचे पावसाळे किती वेगळे असतात, हे मला फोनवर कळत गेलं. मृगात माहेरी पेरण्या होऊन कपाशीला दोन पानं आलेली असायची, आणि आमच्याकडे आर्द्रा निघाल्या तरी ढेकळं फुटलेली नसायची. आई म्हणायची चिखलानं दारात पाय ठेववत नाही, आणि मी इथे हंडे मोजत बसलेली. पुनर्वसू-पुष्याचा पाऊस, ज्याला आमच्याकडे तरणा आणि म्हातारा म्हणतात, तो तेवढा दोन्हीकडे बेताचा. श्रावणात दोन्हीकडे उघडीप. मी जळायची नाही असं नाही. माझ्याच बापाच्या शेतावर पडलेला पाऊस मला दिवस मावळायला गढूळ होऊन भेटायचा, तोही दुरून, काठावरून बघायला.

भाद्रपद मात्र निराळा. तेव्हा पावसाला वर-खाली काही कळत नाही. ढग उलट दिशेनं चढतात, एका शिवाराला झोडपतात आणि शेजारच्याला हुंगतही नाहीत. आबा म्हणायचे, "भादव्यात माझ्या भरवशावर राहू नको पोरी, ह्या दिवसात मला माझ्या मागच्या टेकडीचं सांगता येत न्हाई." हे त्यांनी मला सांगितलं होतं. एकदा नाही, दर वर्षी सांगितलं होतं. मी ऐकून घेत होते आणि सोडून देत होते, कारण तोवर गावात मला मान मिळायला लागला होता. माणसं बांधावरून आवाज द्यायची, "वर कसं हाये?" भाऊजी पारावर सांगायचे की मोबाइलवरचा अंदाज चुकंल, आमच्या वहिनीचा चुकत न्हाई. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज आला होता. दहावी नापास बाईला सगळं गाव विचारून नदीत उतरतं, ही काही लहान गोष्ट नव्हती.

त्या वर्षी भाद्रपदात पंधरा दिवस पाऊस नव्हता. सोयाबीनच्या शेंगा भरायच्या दिवसांत रान तडकलं होतं. डोहातलं पाणी खाली गेलं होतं, म्हणून भाऊजींना मोटर काठाजवळून उचलून नदीच्या मधोमध, खोल खड्ड्यात बसवायची होती. काम दोन-तीन तासांचं.

सकाळी सातला आबांचा फोन आला. थेंब नाही, म्हणाले. ऊन पडलंय. आठच्या सुमारास मालकांचा फोन आला. हाताला पीठ होतं, म्हणून मी मोबाइल स्पीकरवर टाकून फळीवर ठेवला. रात्रपाळी करून ते बाहेर पडत होते. म्हणाले, "पहाटपासून जालन्यात लई कोसळून राह्यला. असा पाऊस म्या बघितला न्हाई. बाजारात कमरेएवढं पाणी हाये, गाड्या वाहून चालल्या. रूमवर कसा जाऊ तेच कळंना." मी म्हणाले, मग कारखान्यातच थांबा, ओल्या कपड्यात बसू नका, चहा घ्या. ते म्हणाले बरं. फोन ठेवला आणि मी भाकरी थापायला लागले.

आता कुणीही म्हणेल, कुंडलिका जालन्यातून वाहते आणि खाली येऊन दुधनेला मिळते, आमच्या गावाच्या वरच मिळते, हे काय तुला माहीत नव्हतं? माहीत होतं. आमच्या गावातल्या लहान पोरालाही माहीत असेल. पण कुंडलिका म्हणजे आमच्या लेखी जालन्याच्या पुलाखालची नाली. बसमधून जाताना नाकाला पदर लावायची जागा. तिला कुणी नदीत धरलंच नव्हतं. आमच्या घरात 'वर' म्हणजे माझं माहेर, आणि जालना म्हणजे मालकांची नोकरी. शहरात पडलेला पाऊस म्हणजे भिजलेले कपडे आणि चुकलेली बस. तो पाऊस वाहून कुठे जाईल, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नाही. ज्यांच्या अंगावर तो पडत होता, त्यांच्याही डोक्याला शिवला नाही.

अकराच्या सुमारास भाऊजी गोठ्यातलं आवरून आले. ताटावर बसता बसता त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "वहिनी, वर कसं हाये?"

मी म्हणाले, "वर थेंबही न्हाई. बिनघोर उतरा."

बिनघोर हा शब्द मी वापरला. इतर काही आठवो न आठवो, हा शब्द मला बरोबर आठवतो. ते जेवले, मोबाइल चार्जिंगला लावून ठेवला आणि पाना, दोर घेऊन गेले. पुढच्या दोन तासांत जालन्याच्या पाण्याचे व्हिडिओ साऱ्या गावाच्या मोबाइलवर फिरले. त्यांचा मोबाइल घरीच होता. मी चार वेळा त्याच्या जवळून गेले.

तिसऱ्या प्रहरी आरडाओरडा ऐकून मी नदीकडे पळाले. पलीकडच्या काठावर एक जण शेळ्या चारत होता, त्यानं वरून लोंढा येताना पाहिला होता. त्यानं हाका मारल्या, भाऊजींनी वर बघितलं, आणि पळायच्या ऐवजी दोराला हिसका द्यायला लागले. मोटर अर्धी वर आली होती. अजून दोन हिसके दिले असते तर आलीच असती, असं तो सांगत होता आणि रडत होता. मोटर काही सोन्याची नव्हती. पण पंधरा दिवस ती शेंग त्यांनी तिच्यावर जगवली होती.

मी काठावर उभी राहिले. डोक्यावर ऊन होतं. नदीत पाणी दोन्ही काठांना लागलेलं, आणि त्यावर थर्माकोलच्या पत्रावळ्या, चहाचे कप, पाण्याच्या बाटल्या, कुणाची तरी एक चप्पल. माझ्या माहेरचं पाणी असं नसतं. त्यात बाभळीच्या फांद्या येतात, कडबा येतो, फार तर एखादं ढोर येतं. हे पाणी कुठलं ते मला तिथे, त्या क्षणी कळलं, आणि सकाळचा फोन शब्द न् शब्द आठवला. मी मोठ्यानं रडायला लागले. बायांनी मला धरलं. त्यांना वाटलं मी दिरासाठी रडतेय. मी दिरासाठीही रडत होते.

भाऊजी तिसऱ्या दिवशी धरणाच्या फुगवट्यात सापडले.

माणसं भेटायला यायची आणि बोलता बोलता कुणीतरी विचारायचंच, की तुमच्याकडे तर वरची खबर येती, मंग कसं झालं? उत्तर माझ्या सासूबाई द्यायच्या. त्यांना मी आत्या म्हणते. पोटचा पोरगा गेलेली बाई, पण दर वेळी माझी बाजू घ्यायच्या. "तिचा काय दोष? तिच्या माहेरी थेंब न्हवता. बिचारीला कुठून कळावं?" मालक शेजारी बसलेले असायचे. ते जमिनीकडे बघायचे. त्यांनी कुणाला सांगितलं नाही की सकाळी त्यांनीच मला फोन केला होता. मला वाचवण्यासाठी सांगितलं नाही की स्वतःला, हे मला आजही माहीत नाही. मीही त्यांना विचारलं नाही, की तुम्ही तर त्या पाण्यात उभे होतात, तुम्हाला तरी कसं सुचलं नाही. एका घरात, एका छपराखाली आम्ही दोघं त्या एका फोनला वळसा घालून चालत होतो.

आत्यांची ती माया मला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या, तरी मी उभी राहिले असते. पण सकाळी त्या माझ्या पुढ्यात चहाचा कप सरकवायच्या आणि त्यांची पाठ वळली की मी तो मोरीत ओतायची. त्यांना खरं कळलं तर त्या मला घरात ठेवतील का, माझं तोंड बघतील का, याच भीतीनं मी हिवाळा काढला. गावानं मला पाण्याचं विचारायचं बंद केलं होतं. आबांनीही पावसाचं बोलणं सोडलं होतं. फोन आला की नुसतं "बरी हायेस ना" विचारायचे आणि ठेवून द्यायचे.

संक्रांतीनंतर एका दुपारी आम्ही दोघी अंगणात तूर निवडत बसलो होतो. मालक कामावर होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी सूप खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. "आत्या, त्या दिवशी सकाळी ह्यांचा फोन आल्ता. जालन्यात लई पाणी झालं म्हणून सांगितलं होतं यांनी. मला माहीत होतं. तरी म्या भाऊजींना थेंब न्हाई म्हणून सांगितलं."

त्यांचा हात थांबला नाही. खडे काढून बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "मला ठाऊक हाये. मी मागल्या दारातच होते. सारं ऐकलं मी."

मी खाली ठेवलेलं सूप पुन्हा उचललं.

"त्यानं तुला विचारलं तवा बी मी तिथंच होते," त्या म्हणाल्या. "तुझ्या तोंडून निघालं न्हाई, अन् माझ्या बी न्हाई. त्याला अजून अर्धी भाकर पाहिजे होती. मीच म्हणले, आता आल्यावर खा. जल्दी जा, ऊन वाढंल."