उजव्या दंडावर टोच

आमचा दूधवाला झोतिक म्हणजे एक नंबरचा भांडखोर. त्याच्या हातचा मार खाल्ला नाही असा गडी मॉन्ट्रियलच्या आमच्या फ्रेंच वस्तीत शोधून सापडला नसता. अठराशे पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात देवीची साथ आली आणि लस टोचणारा डॉक्टर गल्लीत शिरला. झोतिकने त्याची मानगूट धरली आणि बाहेरच्या जिन्यावरून त्याला खाली भिरकावलं. डॉक्टरचे दोन दात पडले. आम्ही बायका वरून टाळ्या वाजवत होतो. हो, मीसुद्धा. खोटं कशाला बोलू?

"इंग्रजांचं विष इंग्रजांनाच टोच जा!" झोतिक ओरडला. "आमच्या पोरांना हात लावलास तर मुंडी मुरगाळीन!"

ऑगस्टमध्ये त्याच्या भावाची, देल्फिसची, चार वर्षांची आल्मा देवीने गेली. दारावर सरकारी माणसांनी पिवळा कागद डकवला होता, आत येऊ नका म्हणून. देल्फिसने तो टरकावून चुलीत घातला. सात वर्षांच्या आतलं लेकरू गेलं की ते थेट देवदूत होतं असं आम्ही मानतो. त्याच्यासाठी काळे कपडे घालत नाहीत, दार सताड उघडं ठेवतात. गल्लीतली पोरं येऊन त्याच्या कपाळाची पापी घेतात आणि स्वर्गातून काय हवं ते कानात सांगतात. पोरांना उचलून धरायचा मान धर्मपित्याचा, म्हणजे बाप्तिस्म्याला ज्याने त्या लेकराला हातात धरलं त्याचा. आल्माचा धर्मपिता झोतिक. त्याने नऊ पोरं उचलली. माझा ओविद पाच वर्षांचा. त्याने आल्माच्या कानात कुत्र्याचं पिल्लू मागितलं, आणि आम्ही सगळे हसलो.

बाराव्या दिवशी ओविदला ताप भरला. मग अंगभर फोड. शेवटी शेवटी तर डोळे चिकटून गेले होते, पाणी पाजायला तोंड कुठे ते शोधावं लागे. आई म्हणायलाही त्याला येत नव्हतं. सप्टेंबरात त्याला पुरलं. त्या नऊ पोरांमधली चार गेली.

पुरून आले त्याच्या दुसऱ्या सकाळी झोतिक नेहमीसारखा दूध घालायला आत आला. माझं टाळकंच फिरलं. त्याचंच पितळी माप उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं.

"तूच उचललंस ना त्याला, मुडद्या! तूच त्याचं तोंड तिच्या कपाळाला टेकवलंस!"

भुवई फुटली, रक्त दुधात टपकायला लागलं. एरवी याने समोरच्याचा जबडा मोडला असता. त्याने हातसुद्धा उगारला नाही.

"अजून मार, एक्सिल्डा," तो म्हणाला.

मी मारलं. दोनदा. मग माझी आठ महिन्यांची रोझाल्बा पाळण्यात रडायला लागली. झोतिकने तिच्याकडे पाहिलं आणि तो असा मागे सरकला की दारावर आपटला. "हिला माझ्याजवळ आणू नकोस," एवढंच बोलून तो निघून गेला.

त्याच संध्याकाळी वस्तीतले लोक टोचणीच्या कचेरीवर चालून गेले. काचा फुटत होत्या, कुणी दारावर कुऱ्हाड घालत होतं. पुढे देल्फिस, हातात लोखंडी पहार. रोझाल्बाला कडेवर मारून मीही गेले. माझ्याही मुठीत दगड होता. लेकरू असं दंगलीत नेतात का? पण डोकं ठिकाणावर कुठे होतं माझं!

झोतिक आला तेव्हा लोकांनी आरोळी ठोकली. आता हा दार उखडणार, अशी सगळ्यांची खात्री. त्याने पायऱ्या चढून डगला फेकला, डावी बाही वर सारली आणि फुटक्या खिडकीतून आतल्या डॉक्टरला म्हणाला, "टोच. इथेच, यांच्या देखत."

"काय रे, मरणाला भ्यालास?" देल्फिस गरजला.

"मी मेलो तर मेलो! चाळीस घरांत दूध घालतो मी, देल्फिस. प्रत्येक घरात पोरं आहेत. माझ्यापायी आता एकही जाता कामा नये."

"म्हणजे माझी आल्मा विषारी होती?" देल्फिसने पहार घातली ती थेट त्या उघड्या दंडावर. हाड मोडल्याचा आवाज मला खाली रस्त्यावर ऐकू आला. झोतिक गुडघ्यावर आला, उठला आणि उजव्या हाताने भावाचं नाक फोडलं. एकदा, पुन्हा एकदा, देल्फिस आडवा होईपर्यंत. मग त्याच्या छातीवर गुडघा रोवून दातांनी दुसरी बाही वर ओढली.

"डॉक्टर, डावा मोडला. उजव्या दंडावर टोच."

डॉक्टरने खिडकीतून वाकून टोचलं. खाली देल्फिस नाकातोंडातून रक्त गाळत हमसून हमसून रडत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "एक्सिल्डा, हाण त्याला! तुझा पोरगा खाल्लाय त्याने!"

मी मुठीतला दगड खाली टाकून दिला आणि पायऱ्या चढले. पाठीत एक धोंडा बसला, श्वासच अडकला. तरी मी रोझाल्बाचं झबलं खांद्यावरून खाली ओढलं आणि डॉक्टरपुढे तिचा दंड धरला. ती जीव खाऊन किंचाळली, हात सोडवायला धडपडली. मी सोडला नाही. ओविदचा हात मी असा कधी धरलाच नव्हता.