तक्रारही माझीच, उत्तरही माझंच

महिन्यापूर्वी वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं, "अप्पा, बालवाडीच्या बाई गेल्या..." शोकसभेत लोकांनी माझेच आभार मानले. बाईंच्या शाळेविरुद्ध निनावी तक्रार झाली, तेव्हा तिला चोख उत्तर लिहिणारा सेक्रेटरी मी. मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

तर ती तक्रारही मीच लिहिली होती.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर प्रभाबाईंची बालवाडी. धडधाकट मुलं आणि अपंग मुलं एकाच वर्गात. मला दुपारची झोप प्यारी, आणि खालून मुलांचा गलका. मी पाच मुद्दे काढून शिक्षण खात्याच्या कचेरीत पत्र धाडलं. तिसरा मुद्दा, "निरोगी मुलांना अपंगांच्या खुर्चीत बसवतात." खाली सही, 'एक हितचिंतक'.

आठवड्याने बाई तेच पत्र घेऊन दारात. "अप्पा, कचेरीने खुलासा मागितलाय. तुमच्याइतकं मुद्देसूद कोण लिहिणार? पण आधी चार दिवस वर्गात बसा. न बघता लिहिलं की असं होतं."

बसलो. ती खुर्ची ओजससाठी बनवलेली, त्याची मान स्थिर राहत नसे. तिला पट्टा होता, पुढे ट्रे होता, म्हणून सगळ्यांनाच ती हवी असायची. शेवटी भिंतीवर नंबर लावलेले. चिमुरडी सई म्हणाली, "आजोबा, तुमचा नंबर शुक्रवारी." शुक्रवारी बसलो आणि अडकलो. दोन मदतनीस बायका ओढत होत्या, तेव्हा ओजस एकेक शब्द जुळवत म्हणाला, "घाबरू... नका. मी... रोज बसतो."

मी उत्तर लिहिलं. त्यात हितचिंतकाला 'अज्ञानी इसम' म्हटलं. शाळा वाचली. पुढे कितीदा कबूल करायला खाली गेलो आणि पाण्याच्या टँकरबद्दल बोलून परत आलो.

गेल्या आठवड्यात बाईंच्या यजमानांना, वसंतरावांना, सगळं सांगितलं. ते हसायलाच लागले.

"अहो, तिला पहिल्याच दिवशी कळलेलं. दोन ते चारच्या आवाजाबद्दल बिल्डिंगमध्ये दुसरं कोण भांडतं? म्हणाली, ज्याने मुद्दे काढले, तोच ते नीट खोडेल."

"मग मला कधी बोलल्या का नाहीत?"

"म्हणायची, सांगतील आपणहून."

तिथून निघालो तो वर्गात गेलो. दाराजवळ एक लहानशी सतरंजी असते. रुसलेल्या, रडक्या मुलाने तिथे बसायचं, मन झालं की उठायचं. तोवर कोणी ओढायचं नाही, विचारायचं नाही, ही बाईंची शिस्त. मी जाऊन बसलो. खरंच कोणी काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने एक पोरगी आली, मला थोडं सरकवलं आणि फुरंगटून शेजारी बसली.