समोर गिळायची गोळी

आधी तिचं सांगते, मग माझं. ती आमच्या काउंटीच्या आरोग्य खात्यातली नर्स. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं. वयाने माझ्याच बरोबरीची, अंगाने रुंद, डोक्यावर बारीक वेण्या घट्ट बांधलेल्या, डाव्या पायाने किंचित लंगडणारी. मी तिला नर्सबाई म्हणायचे. त्या हिवाळ्यात तिने मला उभं केलं आणि माझ्या नातीला आजारी पडू दिलं नाही. औषध डॉक्टरांनी लिहून दिलं हे खरं, पण ते पोटात गेलं तिच्यामुळे.

मी शिकले सातवीपर्यंत. गावातली शाळा तिथेच संपायची आणि पुढच्या शाळेला एसटीने जावं लागायचं, ते घरच्यांना पटलं नाही. मुलगा मात्र इंजिनियर झाला, पुण्याहून इकडे मिशिगनला आला, मोटारींच्या कंपनीत लागला. सुनेची नोकरी पुन्हा सुरू झाली तेव्हा नातीला सांभाळायला त्यांनी मला बोलावून घेतलं. नात दीड वर्षाची. दिवसभर आम्ही दोघीच. माझ्या मांडीवर जेवायची, माझ्याच कुशीत झोपायची. मला खोकला होता, तो मी थंडीचा धरला आणि ओवा चावत राहिले. अंगही उतरलं होतं. सून चेष्टेने म्हणाली, "आई, तुम्ही डाएटवर आहात की काय?" मग एका सकाळी रुमालात रक्त आलं.

इस्पितळात छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. मुलगा डॉक्टरांशी बोलून आला तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, टीबी आहे."

मी म्हटलं, "मग मला घरी पाठव बाबा. तिकीट काढ."

"विमानात बसू देणार नाहीत. पूर्ण ट्रीटमेंट इथेच घ्यायची. आणि तोपर्यंत घराबाहेर पडायचं नाही."

"आणि छोटी?"

सून बोलली. एवढ्या लहान मुलांना हा आजार झाला तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. नातीची पहिली तपासणी चांगली आली, पण तेवढ्याने भागत नव्हतं. लागण झालेली लगेच दिसत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं, आणि तोवर तिलाही रोज औषध द्यायचं. म्हणजे मी तिला काय देऊन बसले आहे ते कळायला वाट बघण्यावाचून उपाय नव्हता.

मला बेसमेंटमध्ये ठेवलं, आणि नातीसाठी सून घरूनच काम करायला लागली. खाली एक खोली, तिला लागून न्हाणीघर, आणि छताला टेकलेली हातभर लांब खिडकी. घराच्या बाहेरून ती खिडकी जमिनीला लागून होती, त्यामुळे मला बर्फ खालून दिसायचा, पुरलेल्या माणसाला दिसावा तसा. वर नात चालायची तर तिची पावलं माझ्या डोक्यावर वाजायची. ती जिन्याच्या दारावर थापा मारायची, "आजी, ओपन." मी खालून उत्तर देत नसे, कारण आवाज ऐकला की ती जास्त रडायची.

मुलाला मला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. "सरकारी नको, चांगला स्पेशालिस्ट बघू," असं तो फोनवर कुणाकुणाला सांगत होता. माझ्या प्रवासाच्या विम्यावाल्यांनी हात वर केले. स्पेशालिस्टनेही सांगितलं, टीबीचं काम काउंटीच बघते, ते लोक येतील. या देशात दाढ दुखली तरी तोंड उघडायच्या आधी विम्याचं कार्ड मागतात, हे मला सून आल्या दिवसापासून बजावत होती. आणि इथे सरकार स्वतःहून दारात यायचं होतं. त्याने धीर यायच्या ऐवजी मला भीतीच वाटली. सरकार आपल्या दारात कधी येतं? काहीतरी न्यायलाच येतं.

ती आली तोंडावर वाटीसारखा मास्क लावून. टेबलावर फोन ठेवला आणि त्यातून एका बाईचा आवाज आला, दुभाषी बाईचा. नागपूरकडची असावी. "नमस्कार बाई, मी मराठीच आहे. नर्स विचारून राहिली आहे, तुम्हाला मळमळ होते का?"

मी म्हटलं, "ते राहू दे. तिला विचार, मला जेलात टाकणार का?"

मग दोघींचं इंग्रजीत बोलणं. मास्कच्या आत नर्सबाई हसली असावी, डोळे बारीक झाले. "ती म्हणून राहिली, पोलिसांच्या गाडीचा हीटर चालतो, तिच्या गाडीचा चालत नाही. त्यावरून ओळखा ती कोण ते."

मग तिने गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या, बोट स्वतःच्या डोळ्याकडे नेलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि म्हणाली, "डॉट." मी चटकन म्हटलं, "डॉट्स. समोर गिळायची." आमच्या गावात आरोग्य केंद्राची बाई अशाच गोळ्या घेऊन यायची, आणि पेशंटने घोट घेऊन तोंड उघडून दाखवल्याशिवाय उंबऱ्यावरून उठायची नाही. मुलगा जिन्यात उभा होता. "आई, तुला डॉट कसं माहीत?"

"गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तू अभ्यासात होतास."

एवढ्या लांब येऊन ओळखीचा एकच शब्द भेटला, तो हा. त्या दिवशी मला जेवण गेलं.

लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही, असं दुभाषी बाईने सांगून ठेवलं होतं. डोळ्यांतलं पाणीही तसंच येतं हे मात्र मला पदराने डोळे पुसल्यावर कळलं. पांढऱ्या पदरावर हळदीसारखे डाग. आता रडलं तरी लपत नाही म्हणून मी गडद साड्या नेसायला लागले.

आमच्या कॉलनीत निम्मी घरं आपल्या लोकांची. नर्सबाईच्या गाडीवर काउंटीचं चिन्ह. मुलाने तिला विनंती केली की गाडी दारात लावू नका, क्लबहाऊसपाशी लावा. ती बरं म्हणाली. तेव्हापासून ती कोपऱ्यावरून बर्फ तुडवत यायची. खिडकीतून मला नुसते तिचे बूट दिसायचे, उजवा सरळ पडायचा आणि डावा ओढत यायचा. मला लाज वाटायची. पण मी मुलाला काही म्हटलं नाही. घर त्याचं, लोकांत त्याला राहायचं.

माझं जेवण जिन्याच्या पायरीवर यायचं, कागदी ताटलीत. सुनेला मी दोष देत नाही. आमच्याकडेही क्षयाच्या माणसाचं ताट वेगळं काढतात आणि पुढे ते कुणी वापरत नाही. नर्सबाईने कचऱ्याच्या पिशवीतल्या ताटल्यांचा ढीग बघितला आणि वर जाऊन सुनेला समजावलं, हा आजार हवेतून जातो, भांड्यांतून नाही. सून "ओके, ओके" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कागदी ताटली.

मला गोळ्या देऊन झाल्या की नर्सबाई वर नातीकडे जायची. मग वरून किंचाळणं सुरू व्हायचं. खुर्ची सरकल्याचा आवाज, "नो, नो," सुनेचं चुचकारणं, आणि मधेच "आजी". औषध थुंकून टाकत होती पोरगी. अर्धं पोटात, अर्धं अंगावर. मी भिंतीला टेकून ऐकत राहायचे. माझ्यापायी तिला ते घ्यावं लागत होतं, आणि मला वर जाऊन तिला धरता येत नव्हतं.

एक दिवस नर्सबाई परत खाली आली. अंगावर औषधाचे शिंतोडे उडालेले. फोन लावला. "ती विचारून राहिली, तुमच्या हातून नात काय आवडीने खात होती?"

"केळं कुस्करून. वर चिमूटभर वेलदोड्याची पूड. पण चमच्याने नाही, बोटाने भरवायचं. आणि भरवताना तिच्याकडे बघायचं नाही, खिडकीबाहेर चिमणी बघितल्यासारखं करायचं."

दुभाषी बाईने हे सगळं कसं सांगितलं देव जाणे, फोनवर बराच वेळ चाललं होतं. पण दुसऱ्या दिवशी वर शांतता. मला वाटलं नर्सबाई आज वर गेलीच नाही. तेवढ्यात ती जिना उतरून आली, बोटाला औषध कालवलेलं केळं लागलेलं, आणि म्हणाली, "आझी, गुड." नातीचं ऐकून तीही मला आझी म्हणायला लागली होती.

ओळख झाल्यावर मी एकदा तिला गुडघ्याचं विचारलं. माझे गुडघे फार धरले होते. म्हटलं, येतेच आहेस तर त्याच्याही गोळ्या आण. फोनमधली बाई हसत सुटली. "ती म्हणून राहिली, गुडघ्याला सरकार येत नाही. तिच्या स्वतःच्या गुडघ्याला येत नाही."

"मग टीबीलाच का येतं?"

"तुमचा गुडघा शेजाऱ्याला लागत नाही म्हणे."

मला ते बरोबर वाटलं आणि वाईटही वाटलं. म्हणजे सरकार माझ्यासाठी येत नव्हतं, माझ्या शेजाऱ्यांसाठी येत होतं. मुलगा म्हणतो यालाच पब्लिक हेल्थ म्हणतात. असेल. पण शेजाऱ्यासाठी आलेलं माणूस माझ्या नातीला चिमणी दाखवत बसत होतं, ते कुठल्या खात्यात येतं?

खिडकीतला बर्फ वितळून चिखल झाला तेव्हा माझी थुंकी साफ आली. एकदा नाही, लागोपाठ प्रत्येक वेळी. नर्सबाईने माझ्यासमोर मास्क काढला. पुढच्या दोन दातांत फट होती, ती मी पहिल्यांदा बघितली. ती मला धरून जिना चढवून वर घेऊन गेली. सुनेने तिला चहा विचारला आणि कागदी कपात आणला. मी खालून आणलेला माझा स्टीलचा पेला ओट्यावर होता, नर्सबाईने तो उचलला, चहा त्यात ओतून घेतला आणि पिऊन टाकला. ओठ भाजला असणार. सून बघत राहिली. त्या रात्री माझं ताट सगळ्यांबरोबर टेबलावर लागलं.

तरी नातीला मी जवळ घेत नव्हते. तिची दुसरी तपासणी व्हायची होती. ती येऊन गुडघ्याला मिठी मारायची आणि मी तोंड फिरवून श्वास धरायचे. डॉक्टर म्हणाले होते की आता भीती नाही, पण माझा माझ्या श्वासावर विश्वास उरला नव्हता.

तपासणीचा निकाल घेऊन नर्सबाई स्वतः आली. घाईत गाडी दारातच लावली होती, मुलाने काही म्हटलं नाही. नातीला काहीही झालं नव्हतं. औषध बंद. मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, दे तिला इकडे. नात मांडीवर आली, माझ्या गळ्यातली माळ चोखायला लागली, आणि माझ्या डोळ्यांतलं केशरी पाणी तिच्या झबल्यावर पडलं. सून म्हणाली, "असू दे आई, धुता येईल."

मग नर्सबाईने फोन लावला आणि सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून ती येणार नाही. काउंटीला वरच्या सरकारकडून येणारा पैसा थांबला होता. तिची जागाच काढून टाकली होती. यापुढे मी फोनच्या कॅमेऱ्यासमोर गोळ्या गिळायच्या, आणि ऑफिसात उरलेलं कुणीतरी ते बघणार.

मी विचारलं, "आणि ज्यांच्या घरी लेकरू औषध थुंकतं त्यांनी?"

फोनमधल्या बाईने ते इंग्रजीत सांगितलं. नर्सबाईने खांदे उडवले.

मुलाने शोधून काढलं की काउंटीची सभा होणार आहे, पैसा कुठे ठेवायचा आणि कुठे कापायचा ते तिथे ठरणार आणि लोकांना बोलता येतं. मी म्हटलं, मला ने. तो म्हणाला, "आई, तिथे माईकवर नाव सांगावं लागतं. सगळं रेकॉर्ड होतं. तुझ्या व्हिसाची मुदत वाढायची आहे अजून. छोटीला आता डेकेअरमध्ये घालायचंय, तिथे कुणी बघितलं तर?" त्याचं खोटं नव्हतं. सभा झाली त्या संध्याकाळी मी वरच्या मजल्यावर, उजेडात, नातीला घेऊन बसले होते आणि मला बेसमेंटमध्ये असल्यासारखंच वाटत होतं.

अजून माझ्या गोळ्या संपलेल्या नाहीत. मुलगा फोन धरतो, मी गिळते, तोंड उघडून दाखवते. पलीकडे कोण आहे ते दिसत नाही.

नर्सबाई, आज मी तुझं नाव लिहीत नाही आणि माझंही नाही, एवढाच धीर आहे. पण माझ्या कागदपत्रांचं काम होऊ दे. मग अशी सभा जेव्हा केव्हा होईल तेव्हा मी जाईन, माझं नाव सांगेन, आजाराचं नाव सांगेन, आणि तू काय केलंस ते मराठीत सांगेन. दुभाष्या त्यांनी शोधावा. हे मी केल्याशिवाय राहणार नाही.