आबेदा अन् माहा उजवा हात

आबेदा म्हणजे अकोल्याच्या आमच्या दवाखान्यातली डायलिसिसवाली बाई. डॉक्टर नाई, नर्सही नाई, टेक्निशियन. पण मंगळवार-गुरुवार-शनिवारच्या पाळीतल्या आमा आठ पेशंटले विचारा, इथला डॉक्टर कोण, त सारे तिच्याकडेच बोट दाखवतीन. मी नत्थुजी, हिवरखेडचा, संत्र्याच्या बागेचा माणूस. किडन्या बसल्या त्याले पाच वर्षं झाली. तवापासून आठवड्यातून तीन खेपा एस.टी.नं अकोला, संगं बायको जमुना, अन् तिथं चार घंटे मशीनीजवळ पडून राहाचं. तक्रार नाई. सवय झाली.

पहिल्याच दिवशी आबेदानं मले झापलं. काट्यावर उभं केलं, दोन खेपांच्या मधात आंगात किती पाणी साठलं थे पायलं, अन् म्हणे, "साडेतीन किलो पाणी! काका, काल कोणाचं लगीन होतं?"

लगीन खरंच होतं, साळ्याच्या पोराचं. मठ्ठा लय मस्त झालता. म्या म्हणलं, "तुले काय करा लागते?" ती म्हणे, "मलेच करा लागते सारं. हे साडेतीन किलो आता कोण काढन, तुमचा साळा?" जमुना पदरात तोंड घालून हासून राहिली होती. माही बायको चाळीस वर्षांत माह्यावर अशी बोलली नाई, अन् ही कालची पोरगी! मले असा राग आला का इचारू नोका. पण पुढच्या खेपेले दीड किलोच भरलो.

तिचे वडील इनायतुल्ला चाचा ताजनापेठेत गाद्या-रजया भरत. लहानपणी बापासंगं बसून ही रजयाले टाके घाले. "सुई कुठं चालली थे डोळ्यानं नाई समजत, काका, बोटानं समजते," असं तिचं म्हणणं. अन् खरंच, तिची सुई कवा गेली थे समजतच नसे.

आता हाताचं सांगतो. डायलिसिसच्या माणसाच्या हातात ऑपरेशन करून एक शीर मोठी करून ठेवतात, तिले फिस्टुला म्हणतात. तिच्यात दोन सुया जातात. एकीनं रक्त मशीनीत जाते, दुसरीनं साफ होऊन वापस येते. त्या शिरेवर बोट ठेवलं त आत मांजर घुरघुरल्यावाणी लागते. थे घुरघुर थांबली का हात डायलिसिसच्या कामातून गेला. माहा डावा हात पहिल्याच वर्षी असा गेला. तवा मी दुसरीकडे जात होतो. तिथं रोज एकाच जागी टोचत, कावून त तिथं सोपं जाते. टोचून टोचून शीर फुगली, पातळ झाली, अन् एक दिवस बंद. राहिला उजवा. हाही गेला त मानेत नळी. मानेत नळी घेऊन बसलेले लोक म्या पायले हायेत, त्याच्यावर मले बोलाचं नाई.

आबेदानं पहिल्या आठवड्यातच माहा उजवा हात कागदावर ठेवला अन् पेन्सिलीनं चहूबाजूनं रेघ मारली. त्या हातावर दर खेपेले दोन ठिपके, दोन सुयांचे. आज इथं, परवा बोटभर वर, मंग आणखीन वर, अन् वर पोचलं का परत खाली. कोपराखालची एक फुगीर जागा होती, तिच्यावर तिनं फुलीच मारली, तिथं कवाच टोचाचं नाई. आठ पेशंटचे आठ हात भिंतीले चिकटवलेले. चार वर्षं माही शीर तिनं जपली. मी मात्र सुई पाकिटातून निघाली का तोंड भिंतीकडे करो. माहं रक्त म्या कवा पायलंच नाई.

मंग ऑक्टोबरात रिसेप्शनवर कागद लागला. येत्या एक तारखेपासून अमुक विमा कंपनीची कॅशलेस सोय या दवाखान्यात बंद. कंपनी म्हणे दवाखाना भाव वाढवते, दवाखाना म्हणे कंपनी भाव देत नाई. अन् दोघंही म्हणत, पेशंटची गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर हाओत. दिलगीर! माही पोरगी दामिनी अमरावतीत नोकरीले हाये, तिच्या पॉलिसीत आमी नवरा-बायको. म्हणजे मी गेलो बाहेर. खिशातून भरा अन् मंग कागद पाठवा, असंही होतं म्हणा. पण आठवड्यातून तीन खेपा कोण भरन, बाप्पा? अकोल्यात दुसरीकडे मशीन खाली नव्हती. अमरावतीत कंपनीच्या यादीतल्या एका दवाखान्यात जागा होती. दामिनी म्हणे, "बाबा, या माह्याकडे राहाले, सुटला प्रश्न."

तिचा सुटला. लेकीच्या घरी मुक्काम कराचा म्हणून जमुना अवघडून राहिली होती. मले त्याचं काईच नव्हतं. मले एकच दिसत होतं, नव्या दवाखान्यातला कोणीतरी अनोळखी माणूस सुई घेऊन माह्या उजव्या हातावर वाकला हाये.

म्हणून म्या एक अक्कल लढवली. संत्र्याचा आंब्या बहाराचा माल तयारच होता. निवडून निवडून एक पेटी भरली अन् गुरुवारी थेट वॉर्डात नेऊन ठेवली. इचार असा, का आबेदा खूश होईन अन् मोठ्या डॉक्टरले सांगून माह्या एकट्याची सोय लावून देईन. आमच्याकडे कोणतंही काम असो, तलाठ्याकडलं का सोयरिकीचं, संत्र्याची पेटी आधी पोचते. सालोसालचा रिवाजच हाये.

आबेदा आली अन् जे कडाडली! "ये क्या है? काका, तुमी शुद्धीवर हाये का? आठ किडनीवाले झोपले हायेत इथं, अन् तुमी संत्र्याची पेटी मांडता?"

मले तवा आठोलं. संत्रं आमाले विख. आमच्या किडन्या त्याच्यातलं पोटॅशियम बाहेर टाकत नाईत, एखाद्याचं काळीज जागीच बंद पडन. पाच वर्षं झाली, माह्याच बागेतली एक फोड म्या तोंडात घातली नाई, अन् तरी पेटी उचलून आणली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या पार्बताबाईनं एक सोलाले घेतलंही होतं. आबेदानं झडप घालून थे हिसकलं. पेटी रिसेप्शनवर रवाना झाली.

मंग ती माह्याजवळ स्टूल घेऊन बसली. म्या सारं सांगून टाकलं. डोळ्यात पाणी आलं माह्या, काय लपवाचं. म्हणलं, "तूच चाल ना अमरावतीले."

ती म्हणे, "माही उज्मा नववीत हाये, अम्मी अंथरुणाले खिळलेली. मी कशी येऊ? अन् तुमच्यासाठी वशिला लावला त बाकीच्याईनं काय करा?" मंग माहा उजवा हात पुढं ओढला. "काका, तुमी कलमं बांधता ना? जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरता तवा डोळे मिटता का?"

"मिटले त बोट कापन."

"मंग स्वतःच्या हाताले पाहाले काय होते? इकडे तोंड करा."

त्या दिवसापासून तिनं माही शाळा भरवली. सहा पाळ्या. सुई लावाच्या आधी डाव्या हाताच्या बोटानं मीच शीर चाचपाची. रक्त कोणत्या बाजूनं येते, कुठं वळते, आज कोणती जागा, सुई किती आडवी, सारं मी सांगाचं, मंगच ती टोचे. चुकलं का परत. पहिल्या दिवशी मले घेरी आली. दुसऱ्या दिवशी म्या तिले शिव्या देल्ल्या. म्हणलं, पेशंट मी का तू? ती म्हणे, "द्या शिव्या, पण तोंड इकडेच." चौथ्या दिवशी सुई आत जाताना पायली. नळीत रक्त चढलं, लालभडक. माहंच. भेव वाटलं त नाईच, उलट बरं वाटलं.

शेवटच्या दिवशी भिंतीवरचा माहा हात काढून तिनं मले देल्ला. म्या म्हणलं, हे पुरे हाये, हेच दाखवीन. ती म्हणे, "कागद फायलीत जाते, काका. तुमी बोला लागन."

अमरावतीत तसंच झालं. प्रियदर्शनी नावाची बाई होती, कामाची चांगली, पण दहा मशीनी अन् ती एकटी. कागद तिनं घेतला, फायलीत घातला, हात पुसला अन् सुई नेली थेट त्या फुगीर जागेवर.

म्या म्हणलं, "थांब."

ती म्हणे, "काका, इथं चांगली दिसून राहिली ना शीर."

"दिसते म्हणूनच नोको. डावा हात असाच गेला माहा."

"मले आठ वर्षं झाली या कामाले."

"असतीन. या हाताले त आजचा पहिलाच दिवस हाये तुहा." माहा आवाज चढला होता. बाकीचे नऊही पेशंट पाहून राहिले, जमुना माही बाही ओढून राहिली. म्या डावं बोट शिरेवर ठेवलं, घुरघुर लागली. बोट वर सरकवलं. "इथं. परवा याच्या खाली झालं. सुई जास्त उभी नोको धरू, ही शीर कातडीलगतच हाये." अन् डोळे त्या सुईवरच ठेवले.

प्रियदर्शनीनं माह्याकडे पायलं, मंग स्वतःचं बोट माह्या बोटाजवळ ठेवलं. तिलेही घुरघुर लागली. टोचलं. नळी लाल झाली. दुसरीही एका दमात गेली. तिनं फायलीतून कागद काढला अन् माह्याच पेनानं दोन ठिपके देल्ले.

मशीन चालू झाली तसा म्या आबेदाले फोन लावला. सलाम नाई, रामराम नाई, सीधं विचारते, "कुठं टोचलं?"

"कोपराच्या वर, दोन बोटं सोडून."

"कोणं सांगतलं?"

"म्या."

पलीकडून बारीक आवाज आला. "मंग काका, आता माही गरज नाई तुमाले."

मले असा राग आला! म्हणलं, "गरज संपली म्हणून माणूस बोलत नाई का? दर शनिवारी फोन करीन. उचलला नाई त अकोल्याले येऊन भांडीन."

ती हासली, अन् मंग रडली. मीही रडलो. माहा उजवा हात तेवढा हालू देल्ला नाई.