भरदुपारचा इफ्तार

आमच्या फ्लॅटच्या दाराला आतून कुलूप असायचं आणि किल्ली माझ्या गळ्यात. लोक चोर आत येऊ नये म्हणून कुलूप लावतात, मी अब्बा बाहेर जाऊ नयेत म्हणून लावत होते. एकदा ते लखनऊच्या इंदिरा नगर बाजारात सापडले, ई-रिक्षावाल्याशी भांडताना. ‘कराड स्टँडला सोड’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि तो बिचारा ‘चाचा, ये किस तरफ पड़ता है?’ म्हणून विचारत होता. त्या दिवशी कुलूप आलं. पुढे पुढे त्यात नेमकं कोण कोंडलं गेलंय, हे मलाच कळेनासं झालं.

अब्बा कराडजवळच्या मराठी शाळेत गणित शिकवायचे. आम्ही मुसलमान, पण घरातलं बोलणं, भांडणं, दुआ मागणं सगळं मराठीत. मी बदली होऊन लखनऊला आले तेव्हा बँकेतल्या बायकांना त्याचं फार नवल वाटायचं. ‘आप लोग दुआ भी मराठी में माँगते हैं? अल्लाह मियाँ समझ लेते हैं?’ मी म्हणायचे, तुमची नखऱ्याची उर्दू समजते तर आमची साधी मराठी का नाही समजणार?

अम्मी गेली आणि अब्बांचं विसरणं झाकता येईना, तेव्हा ते माझ्याकडे आले. माझं लग्न मोडलेलं, मूलबाळ नाही, त्यामुळे हे कुणी न ठरवताच ठरलेलं होतं. भाऊ दुबईत. तो आठवड्याला मोबाइलवर आवाजी निरोप पाठवायचा, ‘ताई, तू नशीबवान. वडिलांची सेवा म्हणजे जन्नतचं दार.’ मला वाटायचं, बाबा रे, एवढं चांगलं दार आहे तर दोन महिने तूही येऊन उभा राहा की त्यात. पण मी उत्तर द्यायचे, ‘हो रे, सगळं ठीक.’

मी लांब रजा टाकली होती. सकाळपासून रात्रीपर्यंत दोन खोल्या, एक जाळीची बाल्कनी आणि आम्ही दोघं. अब्बा मला बहुतेक वेळा ओळखत नसत. मी कधी हेडमास्तरांची बायको असायची, कधी दवाखान्यातली बाई. ओरडत नसत, मारत नसत. ‘अहो बाई’ म्हणून इतक्या अदबीने बोलायचे की त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग रमजान आला.

पहाटे मी सहरीला उठले की तेही उठायचे. दोन घास कसेबसे खायचे, पाणी प्यायचे आणि रोज्याची नियत करून मोकळे. तेव्हापासून तोंड बंद. दूध नको, खिचडी नको, गोळ्या नकोत. ‘रोजा आहे माझा,’ एवढंच. बरं, संध्याकाळपर्यंत थांबावं तर संध्याकाळ त्यांची सगळ्यात वाईट वेळ. ऊन उतरलं की त्यांना घराची आठवण व्हायची. दाराशी उभं राहून कडी हलवायचे, ‘शेवटची गाडी जाईल हो’ म्हणून रडवेले व्हायचे. त्यात अजान झाली तरी लक्ष नाही, खजूर हातात दिला तर खिशात टाकायचे, वाटेत खायला म्हणून. दमून झोपायचे ते उपाशीच.

त्यांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, ‘दोपहर तक खाना और दवा अंदर जानी चाहिए, वरना भर्ती करना पड़ेगा.’ भरती म्हणजे काय ते मी आदल्या हिवाळ्यात पाहिलं होतं. अब्बांनी सलाईनची सुई उपसली म्हणून तिथल्या माणसांनी त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले होते. ज्या हातांना फळ्यावर खडूने सरळ रेघ ओढायला पट्टी लागत नसे, ते हात. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढंच मला त्या महिन्यात कळत होतं.

खालच्या मजल्यावर एक आपा राहायच्या, खानदानी लखनवी. त्या जाळीतून म्हणाल्या, ‘बाजी, जिसका होश साथ न दे, उस पर रोज़ा फ़र्ज़ ही नहीं. अब्बा को माफ़ है.’ हे मलाही ठाऊक होतं. आजाऱ्याला माफ, प्रवाशाला माफ, ज्याचं भान गेलं त्याचा तर प्रश्नच नाही. पण हे त्या माणसाला कोण सांगणार? मी सांगून पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, ‘म्हणजे मी वेडा, असं म्हणताय ना बाई?’

मग मी त्यांचंच शस्त्र त्यांच्यावर उगारलं. लहानपणी आम्ही रोज्यात चुकून बोर तोंडात टाकलं आणि रडायला लागलो, की तेच समजूत घालायचे: विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही, ते अल्लाहनं खाऊ घातलं असं समजायचं. मी म्हटलं, ‘मग विसरा की, आणि खा.’ ते हसले. ‘विसरलो असतो हो, पण तुम्ही आत्ताच आठवण करून दिलीत.’ एवढं सगळं विसरलेल्या माणसाकडे हे कुठून शिल्लक राहतं, कुणास ठाऊक.

रोजा म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडूनच शिकलेले. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, ‘तुमच्या उपासाला शाबूसुद्धा चालत नाही? थुंकी तरी गिळता का?’ मी चिडून घरी यायचे. अब्बा म्हणायचे, चिडतेस कशाला, त्यांना आपला उपास माहीत नाही आणि तुला त्यांचा. मग समजावून सांगायचे की चोरी, खोटं, चहाडी हे तर बाराही महिने सोडायचं असतं, त्यात विशेष काही नाही. रोज्यात जे आपल्या हक्काचं आहे, हलाल आहे, साधं पाणी, तेही दिवसभर बाजूला ठेवायचं. समोर माठ आहे, तहान आहे, खोलीत कुणी नाही, आणि तरी थांबायचं. नमाज लोकांना दिसते, हजला जाणारा तर हार घालून जातो. रोजा तेवढा कुणाला दाखवता येत नाही, तो ठेवणाऱ्याला आणि अल्लाहलाच ठाऊक.

लहानपणी मला हे कोडं वाटायचं. त्या फ्लॅटमध्ये ते नीट समजलं, आणि समजून रागच आला. रोजा म्हणजे दार उघडं असताना आपण होऊन आत थांबणं. माझ्या दाराला तर कुलूप होतं. दिवसभर मी जे जे सोडलं होतं, नोकरी, झोप, माणसांत बसणं, त्यातलं काहीच मी आपण होऊन सोडलेलं नव्हतं. फक्त ते घोटभर पाणी मी स्वतः नाकारत होते. म्हणून तो रोजा मला जिवापाड जपायचा होता. त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही उरलंच नव्हतं.

एका दुपारी अब्बांना उठून बसवेना. ओठ कोरडे, हात थरथरत होते. मी आमटी-भात केला, पडदे ओढले, दिवा लावला. मोबाइलवर अजान शोधली. भरदुपारी, ऊन रस्त्यावर पसरलेलं असताना, आमच्या खोलीत मगरिबची, सूर्य मावळतानाची अजान झाली. बाहेर भाजीवाला ‘लौकी, तोरई’ ओरडत होता, म्हणून मी आवाज मोठा केला. लाज वाटत होती. पण गुन्हा करायचाच तर अर्धवट कशाला करा?

अब्बा सावरून बसले. चेहऱ्यावर इतका आनंद आला की मी बघतच राहिले. त्यांनी खजूर उचलला, तोंडापर्यंत नेला आणि थांबले.

‘तुमचा रोजा आहे ना?’

मी म्हटलं, ‘आहे.’

‘मग घ्या की. घरधनीण उपाशी आणि पाहुण्यानं खायचं, हे आमच्याकडे चालत नाही.’

मी खजूर ओठांना लावला आणि मुठीत लपवला. ‘सोडला बघा.’

ते खजूर हातात धरून माझ्या मुठीकडे बघत राहिले. उभी हयात कॉपी करणारी पोरं पकडलेला माणूस. ‘बाई,’ ते म्हणाले, ‘रोज्याच्या बाबतीत खोटं बोलू नये.’ आणि आपला खजूर परत बशीत ठेवला.

आता काय करायचं? बनाव मीच रचला होता आणि मीच त्यात सापडले होते. त्यांना भरवायचं तर माझा रोजा मोडायचा, माझा रोजा राखायचा तर ते बशीकडे बघत बसणार आणि रात्री हात बांधले जाणार. दोन मिनिटं मी मनातल्या मनात अब्बांवर, भावावर, साऱ्या दुनियेवर चिडले. मग बिस्मिल्ला म्हटलं आणि खजूर खाल्ला. त्यांच्यासमोर चावला, गिळला, वर पाणी प्याले. भरदुपारी, जाणूनबुजून. याचं उत्तर मला द्यावं लागेल, तेव्हा देईन.

अब्बांनी समाधानाने आपला खजूर खाल्ला. मी भात कालवायला घेतला तर म्हणाले, ‘थांबा, दुआ राहिली. रोजा सोडताना मागितलेलं वाया जात नाही.’ त्यांनी हात वर केले.

‘या अल्लाह, या बाईंचं भलं कर. ओळख ना पाळख, तरी मला जेवू घालतात. आणि माझी लेक तिकडं लांब लखनऊला एकटी आहे, तिला सांभाळ. माझं म्हातारपण तिच्या गळ्यात घालू नकोस. तिच्यावर ती वेळ आणू नकोस, त्याच्या आधी मला ने.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘आमीन म्हणा की बाई.’

त्यांनी मागितलं तेच मागणं माझ्याही पोटात कित्येक महिने होतं, मी ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं एवढंच. नुसतं आमीन म्हणायचं होतं.

‘लेकीला विचारलंत का, तिला काय हवंय ते?’ मी म्हटलं.

‘तिला काय विचारायचं? ती नाहीच म्हणणार. हट्टी आहे पहिल्यापासून.’

मी आमीन म्हटलं नाही. घास पुढे केला आणि अब्बांनी तोंड उघडलं.