सियाचा शनिवार

बंगल्याच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर मी काढलेलं चित्र टांगलेलं होतं. सोनेरी फ्रेम. आणि माझ्या हातात फरशीचं फडकं.

मी तेव्हा नववीत. सुट्टीत आईबरोबर अलिबागजवळच्या त्या बंगल्यावर कामाला जायचे. चित्रात डोंगर, खाली आमची वाडी, वाडीवर काळ्या खडूचा फराटा. कोपऱ्यात एक छोटी चप्पल. ती माझ्या भावाची. दरड आली त्यानंतर त्याची तेवढीच सापडली.

पाहुण्या बायकांना बाई सांगत होत्या, "दरडीतल्या मुलांचं आहे. मुंबईच्या प्रदर्शनात घेतलं. कलर्स बघा ना, किती इनोसंट!"

मग माझ्या आईकडं बघून म्हणाल्या, "तुमच्या मुलांचं एक बरं असतं गं. चार दिवसांत विसरून खेळायला लागतात. आमची सिया फार सेन्सिटिव्ह आहे."

आई म्हणाली, "व्हय बाई."

सिया त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. तिचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गाडीखाली गेला. तेव्हापासून ती दचकायची, जेवायची नाही. तिच्यासाठी दर शनिवारी मुंबईहून रो-रो बोटीनं मनाची डॉक्टर यायची. दोघी व्हरांड्यात बसायच्या. डॉक्टरला कसली घाई नसायची. कधी तर नुसते पत्ते खेळायच्या. वर्ष झालं तरी ती येतच होती. मी ऐकायला मिळावं म्हणून एकच पायरी परत परत पुसायचे.

जळायचे मी. हेवा वगैरे सभ्य लोकांनी म्हणावं. माझ्या पोटात आग पडायची. कुत्र्यासाठी एवढं? माझा तर भाऊ गेला, पाठचा. एवढी घोडी झाले तरी माझं अंथरूण ओलं व्हायचं, आणि आई गोधडी दोरीवर टाकायची. मला कोण विचारतंय? सियाची सायकल नको होती, कपडे नको होते. मला तिचा शनिवार पाहिजे होता.

मलाही एक ताई मिळाली होती म्हणा. दरडीनंतर आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं, तेव्हा एक संस्था खडू-कागद घेऊन आली. ताई गोड होती, खोटं कशाला बोलू. "मनात आहे ते काढ," म्हणायची. मी कितीतरी दिवस गप्प. मग एकदा ती चप्पल काढली आणि सगळं सांगून टाकलं. भावाचा हात माझ्या हातात होता आणि सुटला, हेसुद्धा. आईलाही सांगितलं नव्हतं ते.

लगेच पुढच्या आठवड्यात निरोपाचा कार्यक्रम. केक कापला, टोप्या वाटल्या. "आता तुम्ही स्ट्राँग झालात," म्हणाले. चित्रं गोळा केली, गाडीत बसले, गेले. प्रकल्प संपला होता. आम्हाला कुठं ठाऊक? मला वाटलं, मी सगळं सांगितलं म्हणून ताई गेली. थोडं राखून ठेवलं असतं तर राहिली असती. शेडमधल्या बाकीच्या पोरांनाही हेच वाटलं होतं, ते मोठं झाल्यावर बोलण्यात आलं. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्यातल्या कुणी कुणापाशी तोंड उघडलं नाही.

आणि ते सगळं आता सोफ्याच्या वर.

मी फडकं टाकलं. सोफ्यावर चढले, ओल्या पायांनी. फ्रेम खिळ्यावरून काढली.

"अगं ए, काय करतेस?"

"चित्र माझं हाय."

"आम्ही ते विकत घेतलंय. संस्थेला मदत म्हणून."

"माझ्याकडनं न्हाय घेतलं."

आईचं काम तिथल्या तिथं सुटलं. फाटकाबाहेर आल्यावर तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग फ्रेम माझ्या हातातून घेतली, चप्पल बघितली. म्हणाली, "शेजारणीचं भांडं सुदीक आपून रिकामं परत देत न्हाय. दोन वांगी तरी टाकतो. ह्यांनी माज्या पोरीचं रडणं नेलं आन् भिंतीला टांगलं." आणि फ्रेम पदराखाली धरून चालायला लागली.

सिया बरी झाली. नवा कुत्रा पाळला तिनं, किनाऱ्यावर फिरवायची. तिचं दुखणं खोटं नव्हतं, हे आज मला कळतं. पण बरं होता येतं हे डोळ्यांनी बघितल्यावर मी जास्तच जळले. म्हणजे औषध होतं की! फक्त ते आमच्या वाटेला येत नव्हतं.

आता मी दर रविवारी आमच्या विहारात पोरांना घेऊन बसते. शिकले थोडंफार. शेडमध्ये अजून माणसं राहतात. पत्र्यावर पाऊस वाजला की पोरं चपला घालून दाराशी उभी राहतात, पळायच्या तयारीनं. दरडीनंतर जन्मलेलीसुद्धा. थोरल्यांचं बघून शिकली.

मागच्या महिन्यात एका संस्थेचे नवीन साहेब आले. "सहा महिन्यांचा प्रकल्प आहे. मुलांना बोलतं करू, चित्रं काढून घेऊ."

"सातव्या महिन्यात कोण?"

"तुमच्याकडे हँडओव्हर करू."

"मग मला नीट शिकवा, पगार द्या, आणि तुमचा डॉक्टर कायम येऊ द्या. नाहीतर चहा घ्या आणि निघा. एकाही पोराला तोंड उघडायला लावायचं नाही."

साहेब चहा न घेताच गेले. जाऊ देत.

गेल्या शनिवारी आम्ही बाया पोरांना घेऊन सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसलो. दर शनिवारी इथं मनाचा डॉक्टर बसला पाहिजे, एवढंच मागणं. आतले डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "अहो ताई, इथं तापाच्या गोळ्या पुरत नाहीत."

"ताप उतरतो, डॉक्टर. हे उतरत न्हाय."

दुपारी ते दार लावून गेले. आम्ही पायरीवरच भाकऱ्यांची गाठोडी सोडली.

या शनिवारी परत जाणार. त्याच्या पुढच्याही. मी अजून जळते, आणि ही आग मला विझवायची नाही. सियाला मिळाला तो शनिवार माझ्या पोरांना पाहिजे, आणि तो घेतल्याबिगर मी त्या पायरीवरनं उठणार नाही.