घर घेणाऱ्या दोन बायका

लांबी गुणिले रुंदी बरोबर क्षेत्रफळ. चौथीच्या वर्गाला हे मी इतकी वर्षं शिकवत आलेय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण आयुष्यातलं पहिलं घर घ्यायला निघाले आणि त्या ज्ञानाचा काडीचा उपयोग झाला नाही. एजंटानं मला एका रिकाम्या हॉलमध्ये उभं केलं आणि त्याच हॉलचे तीन आकडे सांगितले. एक कार्पेट, एक बिल्टअप, एक सुपर बिल्टअप. मी म्हटलं, "अहो, भिंती तर चारच दिसतायत." तर म्हणाला, "बाई, जिना तुमी वापरनार का न्हाय? लिफ्ट वापरनार का न्हाय? मग ते बी तुमच्यात धरत्यात की." मी शाळेतून मोजायची टेप आणली होती. ती पर्समधनं बाहेर काढायची हिंमतच झाली नाही.

तेव्हापासून जे डोकं फिरलं ते फिरलंच. उतारा आणा, म्हणाले. मला उतारा म्हटलं की 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' एवढंच आठवतं. सर्च रिपोर्ट म्हणाले, ना हरकत म्हणाले, एनए झालंय का विचारा म्हणाले. विचारलं. झालंय, म्हणाले. काय झालंय ते मला आजही विचारू नका. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, रिसेल घेऊ नका. दुसऱ्या म्हणाल्या, नवीन घेऊ नका, बिल्डर पळून जातात. शेजारच्या काकू म्हणाल्या, दक्षिणेचं दार नको गं बाई. आमच्या ह्यांनी मोबाइलवर होकायंत्र घेतलं आणि प्रत्येक घराच्या दारात स्वतःभोवती गोल गोल फिरायला लागले. मी तेवढ्यात गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी बघून यायची. आम्ही सोलापूरकर घर बघायला गेलो की आधी टाकी बघतो, मग देवघर. नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते विचारून झाल्याशिवाय आम्हाला हॉलचा रंगसुद्धा दिसत नाही.

एवढा सगळा ताप कशासाठी, ते सांगते. लहानपणी वडील येता-जाता म्हणायचे, "तू काय, दिल्या घरची." म्हणजे ते घर माझं नव्हतं. लग्न करून सोलापुरात आले, तर पहिल्याच वर्षी सासूबाईंनी दूध उतू गेल्यावरून सुनावलं, "हे काय तुझ्या बापाचं घर हाय व्हय?" म्हणजे तेही नव्हतं. पुढे आम्ही दोघं सासूबाईंपासून वेगळे झालो आणि भाड्याच्या खोल्यांत राहिलो. तिथं मालक दर अकरा महिन्यांनी दारात उभा राहून पोराच्या लग्नासाठी खोली रिकामी मागायचा. भिंतीत खिळा ठोकायचा तर त्याला विचारायचं. मला मोठं घर नको होतं. नीघ असं कुणी म्हणू शकणार नाही, एवढंच एक घर हवं होतं.

शेवटी जुळे सोलापुरातला तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट पसंत पडला. मालक पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले निवृत्त गृहस्थ होते. दार पूर्वेला, टाकी भली मोठी, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट ओट्यावर. ह्यांचा पगार चादरींच्या दुकानातला, त्यावर कर्ज काही मिळेना. माझी नोकरी पक्की, म्हणून कर्ज माझ्या नावावर. त्यात बाईच्या नावावर घर घेतलं की सरकार सवलत देतं म्हणे. हे म्हणाले, "मग तुझ्याच नावावर घेऊ की. कुठं बिघडलं?" मला त्या दिवशी भाकरीसुद्धा गोड लागली.

सगळी कागदपत्रं घेऊन बँकेत गेलो. टेबलामागच्या मुलीनं एकदा हे कार्ड पाहिलं, एकदा ते. मग माझ्याकडे बघून अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, ह्या तर दोन बायका दिसतायत. ह्यातल्या घर कोण घेणार आहेत?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताच्या पंख्याकडे बघत होते.

झालं होतं असं. माझं माहेर अक्कलकोटकडचं, घरात बोलणं कानडी. माझं नाव माझ्या आजीचं ठेवलेलं, शेवटी 'व्वा' येणारं. तिकडे घरोघरी अशी नावं. शाळेचा दाखला, डीएड, नोकरी, पगार, पॅन कार्ड, सगळं त्या नावावर. पण लग्नात आपल्याकडे नवरी नुसती आडनाव बदलून सुटत नाही. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातात अंगठी दिली आणि त्या अंगठीनं तांदळात एक नवंच नाव उमटलं. शहरी, नाजूक, चार अक्षरी. बायकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. पुढे रेशन कार्ड ह्यांनी काढलं, आधारचा फॉर्म ह्यांनी भरला, तिथं ते तांदळातलं नाव लागलं. मी मेली कधी लक्षच दिलं नाही. आणि देणार तरी कशाला? शाळेत मला सगळे बाई म्हणतात. घरात हे 'अगं' म्हणतात, मुलगी आई म्हणते. मूळ नावानं हाक मारणारी एक आईच होती. दुपारी ओसरीवरून "बा इल्लि", म्हणजे इकडं ये, म्हणून बोलवायची आणि पुढं ते नाव लांबवायची. ती गेली. त्यानंतर कुठलंच नाव वापरात नव्हतं, म्हणून कुठलं खरं हा प्रश्नही कधी आला नव्हता.

आता आला. आणि उत्तर द्यायला मी गेले तर मला येईना. रात्रभर विचार केला. पगार त्या बाईचा, चूल ह्या बाईची. पोर ह्या बाईला झाली, पण बाळंतपणाची रजा त्या बाईनं घेतली. हसू नका, माझं खरंच डोकं चालेना. हे म्हणाले, "सगळीकडं आधारवरचं करून टाक, एक काम संपलं." मी म्हटलं, "आणि माझी नोकरी कुणी केली? तुमच्या आधारनं?" त्यावर हे वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत राहिले.

वकिलांनी तोडगा काढला. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करायचं आणि खरेदीखतात दोन्ही लिहायची, मध्ये उर्फ घालून. बँक कबूल झाली. मीही हो म्हटलं. उर्फ हा शब्द मी आजवर पकडलेल्या चोरांच्या बातम्यांतच वाचला होता, पण म्हटलं चला, घर तर मिळतंय.

नोंदणीच्या दिवशी सकाळीच दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो. ही गर्दी! फ्लॅटचे मालक, पुण्याचे काका, आधीच येऊन बाकावर बसले होते आणि कावले होते. टेंभुर्णीजवळ गाडी अडकली म्हणे, आणि आजच परत जायचं होतं. वकिलांनी छापलेलं खत माझ्या हातात दिलं. मी मास्तरीण, हातात कागद आला की चुका शोधणार. पहिल्याच पानावर थांबले. तांदळातलं नाव पुढं होतं. मग उर्फ. मग त्याच्या मागं माझं.

"वकीलसाहेब, हे उलटं झालंय."

"उलटं कसलं? दोन्ही नावं आहेत की."

"माझं मागं आहे."

"मॅडम, कायद्यानं दोन्ही सारखीच. काय फरक पडतो?"

"फरक पडत नाही ना? मग फिरवा की!"

माझा आवाज चढला होता. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. वकील म्हणाले, पुन्हा सगळी माहिती भरावी लागेल, पुन्हा छापावं लागेल, आपला नंबर जाईल, आज पुन्हा लागेल याची खात्री नाही. काका उठून उभेच राहिले. "अहो ताई, मी काय रोज रोज पुण्याहून येऊ? तुमचं ठरत नसेल तर राहू द्या. दुसरी पार्टी तयार आहे माझ्याकडे, आजही सकाळी फोन आला होता."

ती खिडकी डोळ्यांपुढे आली, ओट्यावरचं ऊन आलं. एका नावापायी हातचं घर घालवतेस काय गं, असं मन म्हणत होतं, आणि मी काही केल्या सही करायला पेन उचलत नव्हते. मी असं का करतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. खरं सांगते, अजूनही नीट कळलेलं नाही.

ह्यांनी मला दंडाला धरून बाहेर लिंबाच्या झाडाखाली नेलं. "अगं, एकदा काय ते सांग. घर पायजे का नको?"

"मला आधी एक सांगा. माझं नाव तुम्ही का बदललं होतं?"

"आता हे काय मधेच?"

"सांगा. आज सांगा."

हे चप्पल मातीत घासत राहिले. "आत्या म्हणाली होती. शेवटी व्वा असलेलं नाव शहरात चालायचं न्हाय, लोक हसतील म्हणाली."

"आणि ते नवीन? ते तरी तुम्हाला आवडलं म्हणून ठेवलं ना?"

"मला कुणी इचारलं?" हे म्हणाले. "ऐन टायमाला आत्यानं हातात चिठ्ठी दिली. तीत बघून बघून मी तांदळात लिवलं."

मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं मला वाटत होतं, निदान ह्यांनी तरी ते हौसेनं निवडलं असेल. कॉलेजात कुणी आवडत असेल, तिचं असेल, असलाही संशय मी उगाच कधी कधी घ्यायची. तर तसंही काही नव्हतं. आत्याच्या चिठ्ठीतलं नाव मी लावून बसले होते आणि ती आत्या कधीची देवाघरी गेलेली. मला असा संताप आला आणि त्याच्याच मागोमाग ह्यांची दया आली. अंगठी धरून चिठ्ठीत बघणारा तो घाबरलेला पोरगा मी त्या दिवशी पदराआडून पाहिलाच नव्हता.

"मला घर पायजे," मी म्हटलं. "पण माझ्या आईनं नाव ठेवलेल्या पोरीला पायजे. ह्या आत्यांच्या पाव्हणीला मागं बसू दे."

हे दुकानात गिऱ्हाईकालाही कधी मोठ्यानं बोलत नाहीत. आत गेले आणि वकिलांना म्हणाले, "फिरवा." वकील म्हणाले, अहो पण नंबर. हे म्हणाले, "जाऊ दे नंबर. फिरवा." मग काकांसमोर जाऊन हात जोडले. "काका, तुमच्या जेवणाचं, ऱ्हायचं मी बघतो. आज न्हाय झालं तर उद्या करू. पण असंच करू." काका खाली बसले आणि म्हणाले, "जेवण काय देणार?" मी म्हटलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. म्हणाले, पुण्यात चांगली मिळत नाही.

नंबर लागता लागता संध्याकाळ झाली. फोटो काढला, अंगठा घेतला. टेबलामागचे साहेब मान वर न करता म्हणाले, "नाव सांगा." मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. वर्गात चाळीस पोरांची नावं रोज खणखणीत घेणारी मी! दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. इतक्या हळू सांगितलं की साहेबांनी ते कागदावर वाचून घेतलं.

राहायला गेलो त्या आठवड्यात एका संध्याकाळी हे बाजारातून ज्वारीचं पोतं घेऊन रिक्षानं आले. वीज गेलेली, लिफ्ट बंद आणि मोबाइल घरातच राहिलेला. पोतं खाली टाकून वर यायचा धीर ह्यांना होईना. खालून हाक मारली, "अगं! अगं ए!"

जुन्या खोलीत तेवढं पुरायचं. तिथं ह्यांचा 'अगं' सगळ्या बोळाला ओळखीचा होता. इथं पहिल्या मजल्यावरनं एक बाई डोकावली, समोरच्या इमारतीतून एक, आमच्या वरनं एक. मीही गॅलरीत जाऊन उभी होते, पण अंधारात त्यातली मी कोण ते ह्यांना ओळखू येत नव्हतं. त्या सगळ्या बायका खाली बघत होत्या आणि हे पोत्याला हात लावून एकेका मजल्याकडे बघत होते. घसा खाकरला.

मग ह्यांनी मला नावानं हाक मारली. शेवटचा 'व्वा' आईसारखाच लांबवून.

मी लगेच ओ दिली नाही. म्हटलं, अजून एकदा मारू दे.